अस्थिपंजर : रचना, कार्ये व शिक्षकाची जबाबदारी

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या सामान्य विज्ञान व आरोग्य या विषयांकरिता पाठ-टिपण)

प्रास्ताविक

हे टिपण लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. प्रस्तुत लेखक मुंबई उपनगरातील कुर्ला येथे एका प्राथमिक शाळेत शिकवीत असताना, पावसाळ्यातील एके दिवशी तिसरीतील एक मुलगा शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरून पडला. त्याचे कोपर सुजले. मुलगा रडत होता, परंतु बोटे हलवीत होता. ‘बोटे हलतात, त्या अर्थी हाड मोडलेले नाही,’ असे लेखकाने मनाशी ठरविले. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थाने तेल लावून हात चोळला, ओढला आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधला. लेखक जवळ उभा राहून मुलाचे डोके थोपटीत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई त्यास घेऊन आली, तेव्हा बोटे निळसर व थंड पडली होती. रुग्णालयात नेऊन पट्टी कापावी लागली. हात वाचला, पण पेन्सिल नीट धरता येण्यास त्या मुलास पुढचे सबंध वर्ष लागले.

खेदाची गोष्ट ही की, त्याच आठवड्यात लेखकाने सातवीच्या वर्गास अस्थिसंस्थेचा पाठ दिला होता. फळ्यावर हाडांची नावे बिनचूक लिहिली होती व मुलांनी ती वहीत उतरवूनही घेतली होती. नावे सर्वांस पाठ होती. हाड ही काय वस्तू आहे, हे मात्र शिक्षकासच उमगले नव्हते.

म्हणून या टिपणात एक गोष्ट सर्वत्र सांगावयाची आहे. हाड ही जिवंत व वाढती वस्तू आहे आणि आपल्या वर्गात बसलेल्या मुलांची हाडे याच वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत घडत आहेत. हा पाठ त्या दृष्टीने दिला गेला, तरच त्याचा उपयोग मुलांस व शिक्षकासही होईल.

१. पाठाचा आरंभ

पुष्कळ शाळांत अस्थिपंजराचे चित्र भिंतीवर टांगून पाठास प्रारंभ होतो. लहान मुलांच्या मनात सापळा म्हणजे भूत, अशी समजूत घट्ट असते. चित्र पाहताच काही मुले हसतात, काही घाबरतात आणि हाड म्हणजे मेलेल्या माणसाची वस्तू, हा ग्रह दृढ होतो. यास्तव चित्र शेवटी दाखवावे. आरंभ मुलांच्या स्वतःच्या हातापासून करावा.

प्रत्येकास आपल्या उजव्या हाताचा अंगठा चाचपून त्यातील हाडे मोजण्यास सांगावे. अंगठ्यात दोन व इतर चार बोटांत प्रत्येकी तीन, अशी चौदा हाडे मुले स्वतः मोजतील. नंतर कोपर, नडगी, बरगड्या, खांदा व मानेच्या मागील मणका यांवरून हात फिरवावयास सांगावे. ‘ही कठीण वस्तू अंगात नसती तर काय झाले असते?’ हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

समवाय पद्धतीने भाषेचा तासही येथे जोडता येतो. हाडाची काडे करणे, हाडीमाशी खिळणे, कणा ताठ असणे, हाडामासाचा माणूस हे वाक्प्रचार मुलांकडून काढून घ्यावेत. आपल्या पूर्वजांनी शरीराकडे किती बारकाईने पाहिले होते, हे त्यांवरून मुलांस कळते.

२. हाड कशाचे बनते?

कुर्ल्यास लागूनच चुनाभट्टी नावाचे रेल्वे स्थानक आहे. चुना भाजण्याची भट्टी असा त्या नावाचा सरळ अर्थ. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे चुना मिळतो, हे खेड्यातील मुलांसही ठाऊक असते. तेथील आमच्या विद्यार्थ्यांस प्रश्न विचारला की, ‘चुन्यातील मुख्य द्रव्य तुमच्या अंगात कोठे आहे?’ कोणासही उत्तर आले नाही. ते द्रव्य म्हणजे कॅल्शियम. शिंपल्यात ते कार्बोनेटच्या रूपात असते, तर हाडांत मुख्यतः फॉस्फेटच्या रूपात असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १ किलोग्रॅम कॅल्शियम असते व त्याचा सुमारे ९९ टक्के भाग हाडे आणि दात यांत साठविलेला असतो.

परंतु हाड हा केवळ चुन्याचा खडा नव्हे. सुक्या हाडाच्या वजनाचा स्थूलमानाने दोनतृतीयांश भाग खनिजांचा व एकतृतीयांश भाग चिवट तंतूंचा असतो. खनिजांमुळे हाडास कठीणपणा येतो व तंतूंमुळे लवचिकपणा येतो. ही गोष्ट पुढील दोन प्रयोगांनी दाखवावी.

प्रयोग पहिला : कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काचेच्या बरणीत शिरक्यात बुडवून ठेवावे. दोन दिवसांनी शिरका बदलावा. आठवडाभरात खनिजे विरघळतात व हाड रबरासारखे वाकते.

प्रयोग दुसरा : तसेच दुसरे हाड शिक्षकाने वर्गाबाहेर, स्वतःच, निखाऱ्यावर पांढरे होईतो भाजावे. आता तंतू जळून गेलेले असतात. हाडाचा आकार तसाच दिसतो, पण बोटाने दाबताच ते चुरते.

पहिल्या हाडात कठीणपणा उरला नाही व दुसऱ्यात चिवटपणा उरला नाही. दोन्ही गुण एकत्र असले तरच हाड उपयोगी पडते, हा निष्कर्ष मुलांनीच काढावा. ज्या गावी शाळेत हाड आणणे लोकांस रुचणार नाही, तेथे अंड्याचे कवच किंवा नदीतील शिंपला शिरक्यात टाकून निघणारे बुडबुडे दाखवावेत. तेवढ्यानेही खनिजाची कल्पना येते.

आता हाडाच्या आतील रचना पाहू. लांब हाड आतून पोकळ असते. वेळू पोकळ असूनही भार सहन करतो, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. वर्गात एक कागद उभा धरून त्यावर पुस्तक ठेवून पाहावे, कागद वाकतो. त्याच कागदाची नळी करून उभी केली असता पुस्तक तिच्यावर राहते. थोड्या द्रव्यात अधिक बळकटी व वजनात हलकेपणा, हा नळीच्या रचनेचा लाभ आहे.

या नळीच्या पोकळीत मज्जा असते. हाडावर पातळ आवरण असून त्यातून रक्तवाहिन्या आत शिरतात. हाडात जुना भाग मोडणाऱ्या व नवा भाग बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी अहोरात्र काम करीत असतात. प्रौढ माणसाच्या अस्थिपंजराचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. मोडलेले हाड सांधते ते याच सामर्थ्यामुळे.

३. अस्थिपंजराची रचना

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणतः २०६ हाडे असतात. नवजात अर्भकात ही संख्या सुमारे ३०० च्या आसपास असते, कारण पुढे एकमेकांस जुळून एक होणारी हाडे त्या वयात सुटी असतात. तान्ह्या मुलाच्या डोक्यावरील मऊ टाळू हे याचे घरोघरी दिसणारे उदाहरण आहे. तेथे कवटीची हाडे अद्याप जुळलेली नसतात. दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरून येते.

प्राचीन भारतीय वैद्यांनी हाडे मोजली होती. चरकसंहितेत ३६० व सुश्रुतसंहितेत ३०० ही संख्या दिलेली आहे. दात व कूर्चा यांचाही समावेश हाडांत केल्याने व चरकसंहितेत नखेही धरल्याने ही संख्या मोठी झाली. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत : चपटी ती कपाल, नळीसारखी ती नलक, वळलेली ती वलय, मऊ ती तरुण आणि दात ते रुचक. प्रेत पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात काही दिवस भिजवावे व नंतर थराथराने त्वचेपासून हाडापर्यंत प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा, ही त्याची पद्धत होती. ग्रंथाबरोबर प्रत्यक्ष निरीक्षणही हवे, हा त्याचा आग्रह आजच्या विज्ञानशिक्षकानेही ध्यानात घ्यावा.

२०६ हाडांचे दोन विभाग पडतात : मधल्या अक्षाची ८० व अवयवांची १२६.

(अ) मधल्या अक्षाची हाडे

कवटी व चेहरा : मेंदूचे आवरण करणारी ८ व चेहऱ्याची १४, मिळून २२. यांपैकी खालचा जबडा तेवढा हलतो. बाकीची हाडे करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत गुंतलेली असून त्या जोडांस शिवणी म्हणतात.

कानातील हाडे : प्रत्येक कानात ३, मिळून ६. शरीरातील सर्वांत लहान हाड यांतच असून त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटर असते. ज्वारीच्या दाण्याहूनही ते लहान भरते.

कंठातील हाड : जिभेच्या मुळाशी १. याचा दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांधा नाही.

पाठीचा कणा : मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके, त्यांखाली पाच मणके जुळून झालेले त्रिकास्थी व शेवटी माकडहाड, मिळून २६. माणसाप्रमाणेच गाय, उंदीर व उंच मानेचा जिराफ यांच्याही मानेत ७ च मणके असतात. हे ऐकून मुलांस मोठे नवल वाटते.

छातीचा पिंजरा : बरगड्यांच्या १२ जोड्या, म्हणजे २४, व मध्यभागी छातीचे हाड १, मिळून २५. वरच्या सात जोड्या छातीच्या हाडास स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात. पुढील तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेस जोडलेल्या असून शेवटच्या दोन जोड्या पुढून सुट्या असतात. पुरुषांस एक बरगडी कमी असते, ही समजूत चुकीची आहे.

(आ) अवयवांची हाडे

खांद्यांचा पट्टा : प्रत्येक बाजूस गळ्याखालचे आडवे हाड व पाठीमागील खवाटा, मिळून ४.

हात : प्रत्येकी दंडाचे १, कोपरापासून मनगटापर्यंत २, मनगटाची ८, तळहाताची ५ व बोटांची १४, एकूण ३०. दोन्ही हात मिळून ६०.

कमरेचा पट्टा : दोन्ही बाजूंची मिळून २ मोठी हाडे.

पाय : प्रत्येकी मांडीचे १, गुडघ्याची वाटी १, नडगी व तिच्या बाजूचे बारीक हाड मिळून २, घोटा-टाचेची ७, तळपायाची ५ व बोटांची १४, एकूण ३०. दोन्ही पाय मिळून ६०.

मांडीचे हाड शरीरात सर्वांत लांब असून त्याची लांबी प्रौढ माणसाच्या उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी असते. गणिताच्या तासास हे प्रमाण उपयोगी पडते. वरील आकड्यांची बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी. २०६ ही संख्या स्वतः जुळवून आणण्याचा आनंद ती घोकण्याहून वेगळा असतो.

४. सांधे

दोन किंवा अधिक हाडे जेथे एकत्र येतात तो सांधा. हलणाऱ्या सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मध्ये वंगणासारखा द्रव असतो व चिवट अस्थिबंधांनी हाडे एकमेकांस बांधलेली असतात. खेड्यातील घरातल्या वस्तूच सांध्यांचे प्रकार दाखविण्यास पुरतात.

उखळीचा सांधा : उखळात मुसळाचे टोक सर्व दिशांस फिरते, त्याप्रमाणे खांदा व मांडी यांचे सांधे फिरतात. मांडीची उखळ खोल असल्याने तो सांधा बळकट आहे. खांद्याची उथळ असल्याने हात अधिक फिरतो, परंतु निखळतोही लवकर.

बिजागरीचा सांधा : दाराप्रमाणे एकाच दिशेस उघडमीट होते. कोपर व बोटांची पेरी ही याची उदाहरणे. गुडघाही याच वर्गातला; मात्र तो वाकलेल्या स्थितीत थोडा वळतोही.

खुंट्याचा सांधा : जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, त्याप्रमाणे मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंट्याभोवती फिरतो, म्हणून ‘नाही’ म्हणताना डोके डावीकडे-उजवीकडे हलविता येते.

सरकता सांधा : मनगट व घोटा यांतील लहान हाडे एकमेकांवर किंचित सरकतात.

एका विद्यार्थ्याच्या कोपरावर लाकडी पट्टी रुमालाने सैल बांधावी व त्यास हात तोंडाशी नेण्यास सांगावे. घास तोंडात घालता येत नाही, हे पाहून सांध्याचे मोल वर्गास न सांगता कळते.

५. अस्थिपंजराची कार्ये

आकार व आधार. हाडे नसती तर शरीर मांसाचा गोळा होऊन पडले असते. कण्याकडे या दृष्टीने पाहावे. बाजूने पाहिल्यास तो सरळ नसून त्यास चार बाक असतात. या बाकांमुळे व मणक्यांमधील गाद्यांमुळे चालताना बसणारे धक्के मेंदूपर्यंत जात नाहीत. कुर्ल्यास लोकमान्य टिळक टर्मिनस हे मोठे रेल्वे स्थानक आहे. तेथे हमाल डोक्यावर पेट्या घेऊन चालतात, तेव्हा त्यांची मान व कणा एका रेषेत असतात, कारण भार कण्यावरून सरळ खाली उतरावा लागतो. पाणी आणणाऱ्या खेड्यातील स्त्रियांतही हेच दिसते. मात्र वर्षानुवर्षे असा भार वाहिल्याने मानेच्या मणक्यांची झीज होते, हेही मुलांस सांगावे. मणक्यांमधील गाद्या दिवसभराच्या भाराने किंचित दबतात व रात्री पुन्हा फुगतात. एखाद्याची उंची सकाळी उठताच व रात्री निजण्यापूर्वी भिंतीवर खूण करून मोजल्यास सुमारे १ सेंटिमीटरपर्यंत फरक आढळतो. हा स्वाध्याय मुले घरी हौसेने करतात.

संरक्षण. कवटी मेंदूचे, बरगड्या हृदय व फुफ्फुसांचे आणि मणक्यांची पोकळी पृष्ठरज्जूचे रक्षण करते.

हालचाल. स्नायू आकुंचन पावून हाड ओढतात व हाड तरफेसारखे काम करते. मोटेचा दोर व चाक यांची गाठ असते, तशी स्नायू व हाड यांची आहे. स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून हात वाकविण्यास एक व सरळ करण्यास दुसरा स्नायू लागतो.

रक्तनिर्मिती. प्रौढ माणसाच्या छातीचे हाड, बरगड्या, मणके व कमरेची हाडे यांतील तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. दर सेकंदास सुमारे वीस लक्ष तांबड्या पेशी तेथून बाहेर पडतात. अशी पेशी सुमारे १२० दिवस जगते.

साठा. हृदयाचे ठोके व स्नायूंचे आकुंचन यांस रक्तात कॅल्शियम ठराविक प्रमाणात असावे लागते. आहारात ते कमी पडले, तर शरीर हाडांतून काढून घेते. शेतकरी दुष्काळात कणगीतील बियाणेही खातो, तसाच हा प्रकार होय.

ऐकणे. कानातील तीन हाडे पडद्याची कंपने आतल्या कानापर्यंत पोहोचवितात.

६. हाडांत लिहिलेला इतिहास : इनामगाव

माणसाने कसे दिवस काढले, याची नोंद त्याच्या हाडांत राहते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. सातू हे त्यांचे मुख्य पीक होते.

हे लोक आपल्या मृतांस बहुधा घराच्या जमिनीखालीच पुरीत. लहान मुलांस दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांस लावून ठेवीत. प्रौढांस उताणे पुरीत, परंतु पुष्कळांचे घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. मृताने उठून जाऊ नये, अशी त्यामागील समजूत असावी, असा तर्क केला जातो. असे दोनशेहून अधिक मृतांचे अवशेष तेथे मिळाले व त्यांत बालकांचे अवशेष फार मोठ्या संख्येने आहेत.

दात कितपत फुटले आहेत व लांब हाडांची टोके जुळली आहेत की नाही, यावरून मृताचे वय काढतात. कमरेच्या हाडांवरून स्त्री-पुरुष भेद व लांब हाडांवरून उंची ठरवितात. दात घडत असताना आजार किंवा उपासमार झाल्यास त्यांच्या कवचावर खळगे वा रेषा उमटतात व त्या कायम राहतात. इनामगावच्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवर अशा खुणा अभ्यासकांनी पाहिल्या असून हवामान व उपजीविका यांतील पालटाशी त्यांचा संबंध लावला आहे. वस्तीच्या अखेरच्या काळात पाऊसमान घटले, शेती खालावली व पक्क्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे उत्खननावरून दिसते.

त्या मुलांची नावे कोणास ठाऊक नाहीत, परंतु त्यांच्या उपासमारीची खूण तीन हजार वर्षे टिकली. आपल्या शाळेतील मुलांच्या हाडादातांतही याच घटकेस अशी नोंद होत आहे. ती चांगली व्हावी म्हणून शिक्षकाने काय करावे, हे आता पाहू.

७. शाळकरी वयातील हाड

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते व तिच्यामुळे हाडाची लांबी वाढते. मुलींत साधारण चौदा-पंधराव्या व मुलांत सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक पट्ट्या हाडात रूपांतरित होऊन वाढ थांबते. हाडांतील द्रव्याचा साठा विशीच्या आसपास बहुतांशी पूर्ण होतो. पुढील आयुष्यात माणूस याच ठेवीवर जगतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ होतात. लहानपणी ठेव मोठी झालेली असल्यास तो धोका कमी होतो. घरात दुधाची वाटी मुलास आधी व मुलीस उरल्यास, असा रिवाज असेल तेथे शिक्षकाने पालकसभेत हे अवश्य सांगावे.

आहार. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम व तेवढ्याच दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्यांस दूध परवडत नाही त्यांस नाचणीची भाकरी व आंबील, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला व काट्यांसकट खाता येणारी लहान मासळी हे पदार्थ सुचवावेत. डाळी व अंडी यांतील प्रथिनांवाचून हाडातील तंतू तयार होत नाहीत.

ऊन. त्वचेवर ऊन पडल्याने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते व त्यावाचून अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. याच्या अभावी लहान मुलांस मुडदूस होतो. पाय धनुष्याकृती वाकतात. आपल्या देशात ऊन विपुल असूनही ही कमतरता पुष्कळांत आढळते. कुर्ल्यासारख्या दाट वस्तीत अरुंद गल्ल्यांतील खोल्यांत ऊन पोहोचत नाही. खेड्यातील मुलास ऊन मिळते. पण शाळेने खेळाचा तास रद्द करून त्यास दिवसभर वर्गात कोंडले, तर तो लाभ उरत नाही.

खेळ. भार व ताण पडेल तेथे हाड अधिक द्रव्य साठविते. धावणे, दोरीवरील उड्या, लंगडी, खो-खो यांनी हाडे बळकट होतात. खेळाचा तास हा अभ्यासातून चोरलेला वेळ समजू नये.

दप्तर व बैठक. राष्ट्रीय दप्तर धोरण, २०२० यानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. २५ किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे दप्तर अडीच किलोग्रॅमच्या आत असावे. ते दोन्ही खांद्यांवर घ्यावयास लावावे. जमिनीवर बसून लिहिताना वहीखाली पाट द्यावा, म्हणजे पाठ वाकत नाही.

पाणी. विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात व पुढे सांधे आखडून कणा ताठर होतो. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरे पाणी नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. एकाच वस्तीतील अनेक मुलांच्या दातांवर असे डाग दिसले, तर ते ‘दात न घासल्याचे’ समजून मुलांस रागावू नये. ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्र यांस कळवून पाण्याची तपासणी करवून घ्यावी. गावात ही खूण सर्वांत आधी शिक्षकाच्याच दृष्टीस पडते.

८. हाड मोडल्यास

मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे असते. पुष्कळदा ते पूर्ण तुटत नाही. एका बाजूने चिरते व वाकते. त्यामुळे हात हलतो, बोटेही हलतात व मोड लक्षात येत नाही. प्रास्ताविकात सांगितलेली चूक अशीच झाली. पडल्यानंतर सूज, एका जागी दाबल्यास तीव्र वेदना किंवा आकारात फरक दिसल्यास हाड मोडले आहे असे धरूनच चालावे. क्ष-किरण चित्रावाचून निश्चित निदान होत नाही.

पुढील नियम शाळेत भिंतीवर लावावेत.

(१) दुखावलेला भाग ओढू नये, चोळू नये, सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.
(२) कडे, बांगड्या व अंगठी सूज वाढण्यापूर्वी काढावी.
(३) घडी केलेले वर्तमानपत्र किंवा कापड गुंडाळलेली पट्टी, मोडीच्या वरचा व खालचा सांधा हलणार नाही अशा बेताने, आहे त्या स्थितीतच सैलसर बांधावी. हात असल्यास ओढणी वा पंचा गळ्यात अडकवून झोळी करावी.
(४) बांधल्यावर बोटे दर थोड्या वेळाने पाहावीत. ती पांढरी, निळसर, थंड वा बधिर झाली, किंवा वेदना वाढत गेल्या, तर पट्टी तत्काळ सोडावी. रक्तप्रवाह काही तास थांबला तरी स्नायू मरतात व हात कायमचा निकामी होऊ शकतो.
(५) जखमेतून हाड दिसत असल्यास ते आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकावे.
(६) मान वा पाठ दुखावल्याची शंका असल्यास मुलास उचलू वा बसवू नये.
(७) भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने खाण्यापिण्यास देऊ नये.
(८) १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व पालकांस कळवावे.

गावात हाड बसविणारे जाणते लोक असतात. त्यांच्याविषयी लोकांस आदर असतो व त्यांचा अवमान करण्याचे कारण नाही. परंतु शाळेत पडलेल्या मुलाची जबाबदारी शिक्षकावर असते. त्यास आधी रुग्णालयातच पोहोचविले पाहिजे. ‘आधी क्ष-किरण, मग बाकीचे’ एवढे नम्रपणे व ठामपणे म्हणता यावे.

९. पाठाची विभागणी व स्वाध्याय

हा पाठ तीन तासिकांत द्यावा. पहिलीत स्वतःच्या शरीराचे निरीक्षण, हाडांची बेरीज व शिरक्याच्या प्रयोगाची मांडणी; दुसरीत सांधे व कार्ये; आठवड्यानंतर तिसरीत प्रयोगाचा निष्कर्ष, इनामगावची गोष्ट, आहार व प्रथमोपचाराची प्रात्यक्षिके. झोळी बांधण्याचा सराव प्रत्येक मुलाकडून करून घ्यावा.

प्रश्न :
(१) हाडातील खनिजे विरघळली तर काय होईल? तंतू जळले तर काय होईल?
(२) खांदा व गुडघा यांच्या हालचालींत कोणता फरक आहे? का?
(३) मांडीचे हाड ४२ सेंटिमीटर असल्यास प्रौढ माणसाची उंची अंदाजे किती असेल?
(४) तुमच्या घरातील एका आठवड्याच्या आहारात कॅल्शियम देणारे पदार्थ कोणते आले, ते लिहा.
(५) मित्र झाडावरून पडून त्याचे मनगट सुजले. तो बोटे हलवितो. तुम्ही काय कराल व काय करणार नाही?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गास बरोबर आले, त्या वर्गाचा पाठ सफल झाला असे समजावे. मग एखाद्या हाडाचे नाव चुकले तरी चालेल.

आपल्या भाषेत उत्तम शिक्षकास ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतात. कुर्ल्याच्या त्या पायऱ्यांजवळ लेखक त्या नावास पात्र ठरला नाही. आपल्या शाळेच्या पायऱ्या पावसाळ्यापूर्वी घासून घ्याव्यात, प्रथमोपचाराच्या पेटीत एक स्वच्छ पंचा ठेवावा व हा पाठ जून महिन्यातच द्यावा, एवढी विनंती करून हे टिपण पुरे करतो.